बंद करण्याचा हक्क

२६ सप्टेंबर १९९८, शनिवार

आज कॉम्प्युटर आला. खोकं रिक्षातून उतरायच्या आधीच अण्णांनी दुकानातल्या सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. अण्णा म्हणजे माझे सासरे, बसवराज. पण त्यांना नावानं हाक मारणारं बीडमध्ये आता फारसं कुणी उरलेलं नाही. मशीन जोडायला आलेला माणूस मात्र बूट घालूनच आत आला आणि वायरी जोडून गेला. तो गेल्यावर आत्यांनी फरशी पुसून घेतली. (सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनीच पहिल्या दिवशी तसं सांगितलं.)

या घरात येऊन मला आठ महिने झाले. आजपर्यंत माझ्या लातूरच्या कॉम्प्युटर डिप्लोम्याचा उपयोग एवढाच होता, की पाहुणे आले की मी विणलेल्या रुमालांसोबत तोही दाखवला जायचा. आज मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले आणि घरातले पुरुष माझ्या मागे उभे राहिले. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

काम असं आहे. आम्ही विहिरीतल्या आणि बोअरमधल्या मोटारी विकतो, बिघडल्या की दुरुस्त करून देतो. पाटोद्यापासून सिरसाळ्यापर्यंतचे शेतकरी फोन करतात, नाहीतर स्वतः येऊन ओट्यावर बसतात. आता मोटारींची कंपनी म्हणते, प्रत्येक तक्रार मशीनमध्ये लिहा. लिहिली की ती ‘उघडी’ राहते. मोटार चालू झाली की ती ‘बंद’ करायची. कुणाला नुसतं बघता येईल, कुणाला लिहिता येईल आणि कुणाला बंद करता येईल, हे नावानिशी ठरवायचं. हे हक्क वाटायचं काम माझ्याकडे आलंय.

ते ऐकून आत्या म्हणाल्या, “म्हंजे आता सासू तूच की.” सगळे हसले. मीही हसले, पण जरा जपून.

३० सप्टेंबर

कंपनीच्या कागदात स्पष्ट लिहिलंय: बंद करण्याचा हक्क एकाच माणसाला द्यावा, आणि त्यानं शेतकऱ्याला विचारूनच तक्रार बंद करावी. तो माणूस मी, असं मी मनाशी धरून बसले होते. दुपारी अण्णांनी विचारलं, मला काय काय दिलंस. मी म्हटलं, बघायचा हक्क दिलाय.  अण्णा म्हणाले, दुकान माझं आणि बंद करायचा हक्क सुनेचा, हे कुठल्या गावचं शहाणपण. मी समजावलं की तुम्हाला ते कधी करायचंच नाहीये, मग हक्क घेऊन करायचंय काय.

“लग्नात मानाचा फेटा बांधतेत,” अण्णा म्हणाले, “तो काय ऊन लागतंय म्हणून बांधतेत का?”

 अण्णांना सगळे हक्क देऊन टाकले. नावांच्या यादीत त्यांचं नाव सर्वांत वर गेलं आणि ते खूश झाले. मग हे रुसले. वडिलांना आहे ते मुलाला नको का, असा यांचा मुद्दा. यांनाही दिले. यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, आज बोटानं घेतलं. मृत्युंजय. इंग्रजीत बरंच लांब होतं.

आत्यांना बघायचा हक्क दिला तर म्हणाल्या, बघायचंच असलं तर ते मी लग्न झाल्यापासून करतीया, त्याला मशीन कशाला पाहिजे.

गहिनीनाथ दारातच उभा होता. हा आमचा जुना मिस्त्री, पाटोद्याकडचा. हाताला ग्रीस होतं म्हणून तो आत आला नाही. कंपनीनं दिलेलं फोटोचं कार्ड त्याच्या खिशाला कायम लावलेलं असतं. ते कार्ड असल्याशिवाय गॅरंटीतल्या मोटारीला हात लावता येत नाही आणि आमच्या दुकानात ते त्याच्या एकट्याकडेच आहे. मी यांना विचारलं, गहिनीनाथला काय द्यायचं. हे म्हणाले, तो तर कायम रानातच असतो, त्याला मशीन कशाला. मलाही ते पटलं.

१ ऑक्टोबर, दसरा

मशीनची पूजा झाली. आपट्याची पानं कीबोर्डवर ठेवली ती मला नंतर एकेक करून वेचावी लागली.

आजपासून अण्णांनी नवीन प्रथा काढली आहे. दुकानाची भवानी जशी मालकाच्या हातची, तसं मशीनही मालकाच्या नावानंच उघडायचं. सकाळी उदबत्ती लावून अण्णा खुर्चीवर बसतात, एका बोटानं स्वतःचं नाव टाकतात आणि पासवर्डचं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत दाबतात. ओट्यावर बसलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा तो आता पाठ झाला असेल. मग अण्णा उठतात, मी बसते, आणि दिवसभर जे काही लिहिते, बंद करते, ते सगळं मशीनच्या लेखी ‘बसवराज’ करतात.

हे चूक आहे. प्रत्येकानं आपापल्या नावानं काम करायचं म्हणून तर नावं दिली. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की उघडलेल्या तोंडानं मी प्रसादाचा पेढा खाल्ला. भवानीच्या वेळी कोण वाद घालणार?

८ ऑक्टोबर

काम छान बसलं आहे. तक्रार आली की मी लिहिते, समोर मिस्त्रीचं नाव टाकते (म्हणजे गहिनीनाथच), गहिनीनाथ जाऊन येतो, मी फोन करून विचारते आणि बंद करते. बंद केलेली ओळ पडद्यावरून नाहीशी होते.

अण्णांना याचं फार नवल वाटतं. आज त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारलं की हे बंद नेमकं कसं करतात. मी शिकवलं: ओळीवर जायचं, वरचं एफ सात दाबायचं, मग वाय. त्यांनी माझ्या देखत एक खरीखुरी झालेली तक्रार बंद केली. ओळ गेली कुठं, असं विचारलं. मी म्हटलं, आत जुन्यात गेली. “बरं हाय,” म्हणाले, “मिटलं की नजरेआड.”

सासऱ्यांना शिकवायचं म्हणजे सोपं नाही. पण अण्णांसारखा विद्यार्थी मला डिप्लोम्याच्या वर्गातही दिसला नव्हता. दोन बटणं पाठ व्हायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

थकले आहे, थोडंच लिहिते. दुकानात वह्यांसोबत कॉम्प्युटरचीही पूजा झाली. झेंडूची माळ पडद्यावरून इतकी खाली आली होती की मधल्या दोन ओळी दिसतच नव्हत्या. गहिनीनाथ धुतलेला सदरा घालून पूजेला आला होता. फराळाचा डबा घेऊन, मशीनला हात जोडून गावी गेला. उघड्या तक्रारी तीसेक तरी शिल्लक आहेत. पावसानं यंदा सगळीकडे उशीर केला. म्हणाला, दिवाळी झाली की पहिल्या दिवसापासून लागतो.

पूजा झाल्यावर आम्ही सगळे मागच्या खोलीत फराळाला बसलो. अण्णा एकटेच पुढं मशीनसमोर बसून राहिले. बराच वेळ टकटक, टकटक ऐकू येत होतं. मी त्यांना ‘ॐ नमः शिवाय’ टाइप करायला शिकवलंय, तो जप चालला असणार. आत आले तेव्हा चेहरा इतका प्रसन्न होता. दोन करंज्या जास्तीच्या मागून खाल्ल्या आणि म्हणाले, “आता साल मोकळं झालं.” अण्णांची श्रद्धा पाहून मला भरून आलं.

२१ ऑक्टोबर, पाडवा

काल मधला भाकड दिवस, दुकान बंद. आज पाडव्याचा मुहूर्त झाला. अण्णा मला म्हणाले, “सूनबाई, राहिलेलं सगळं नवीन पानावर घे बरं का. इसरू नको.” वहीचं काम यांच्याकडे असतं, मी तसं यांना सांगितलं, हे म्हणाले झालंय ते. उद्या दादा न्यायला येणार. भाऊबीज करून चार-पाच दिवस लातूरला राहीन. बॅग भरायची आहे.

२७ ऑक्टोबर

लातूरहून आले आणि दुकानात जाऊन मशीन उघडलं, तर चमत्कार. एकही तक्रार उघडी नाही. सगळा पडदा स्वच्छ. मी यांना हाक मारून दाखवलं. गहिनीनाथनं दिवाळीच्या सुट्टीत एवढं काम केलं असेल असं कुणाला वाटलं असतं? एका माणसाबद्दल आपला किती गैरसमज असतो. त्याला शर्टाचं कापड द्यावं असं मी यांना सुचवलं. हेही राजी झाले.

अण्णा आज सकाळीच कपिलधारला गेले. मन्मथस्वामींची यात्रा पौर्णिमेला, पण अन्नदानाची व्यवस्था अण्णांकडे असते, त्यामुळे ते आठवडाभर आधीच जातात. तिथं फोन नाही. परत येतील ते यात्रा झाल्यावरच.

२९ ऑक्टोबर

शर्टाच्या कापडाचं नाव काढायला नको. गहिनीनाथ काल गावाहून आला आणि पहिलं वाक्य काय, तर आज कुठं कुठं जायचंय ते सांगा. मी गमतीनं म्हटलं, आता काय ठेवलंयस तू करायला. त्याला काही कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही.

आज सिरसाळ्याच्या केशरबाई आल्या. परळीहून एसटी बदलत बदलत, डोक्यावर पदर, हातात पिशवी. त्यांच्या विहिरीतली मोटार दसऱ्यानंतर बंद पडली होती. दिवाळीनंतर त्यांनी फोन केला तेव्हा यांनी मशीनमध्ये पाहून सांगितलं होतं की तुमचं काम झालंय. त्या ओट्यावर बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या:

“तुमच्या मशीनीत पानी आलं आसंल बाई. मह्या हिरीत न्हाई आलं. कांद्याचं रोप उभ्यानं सुकायलंय.”

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं, पण प्यायल्या नाहीत. मग मी बंद झालेल्या तक्रारींतल्या तिघाचौघांना फोन लावले. कुणाकडेच कुणी गेलेलं नाही.

३० ऑक्टोबर

कंपनीचा फोन आला. औरंगाबादचे रणपिसे साहेब. त्यांनीही काही शेतकऱ्यांकडे चौकशी केली होती. काम न करताच तक्रारी बंद दाखवल्या म्हणून आमची एजन्सी जाऊ शकते, असं ते म्हणाले. हे घाबरले आणि बोलून गेले की मिस्त्रीनं केलं असेल. साहेब म्हणाले, मग ५ नोव्हेंबरला मी येतो, त्याचं कार्ड जमा करून घेतो, तोवर त्याला कामावर पाठवू नका.

मशीनमध्ये पाहिलं. सगळ्या तक्रारी एकाच दिवशी बंद झाल्यात, लक्ष्मीपूजनाच्या. बंद करणाऱ्याचं नाव ‘बसवराज’, पण ते तर आमच्याकडे प्रत्येक ओळीला असतं, त्यातून काय कळणार? त्या संध्याकाळी मशीनजवळ कोण होतं ते आठवून पाहिलं. गहिनीनाथ पूजेला आला होता. अण्णांचा पासवर्ड त्यालाही पाठ असणार. अण्णा होते, पण ते जप करत बसले होते. दिवाळी मोकळी जावी म्हणून गहिनीनाथनंच केलं, दुसरं काय?

दुपारी त्याला बोलावून यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. मी म्हटलं, प्रत्येक तक्रारीसमोर काम करणारा म्हणून तुझंच नाव आहे. तेव्हा तो माझ्याकडे वळला. आजवर तो माझ्याशी मान वर करून बोलला नव्हता.

“वहिनी, मह्या नावानं त्या मशीनीत काय लिवलंय, ते मला आजवर कुनी दावलंय का?”

मला त्याच्या बोलण्याचा राग आला. चोराच्या उलट्या बोंबा. तो चपला घालून निघून गेला. गेल्यावर कार्ड त्याच्या खिशाला होतं की नव्हतं ते मला आठवेना, आणि का कोण जाणे, ते आठवत नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

१ नोव्हेंबर

झोप नीट लागत नाही. गहिनीनाथला एफ सात माहीत कसं? ग्रीसच्या हातानं तो उंबरा ओलांडत नाही. त्या दिवशी हात धुतलेले होते, हे खरं. पण मी त्याला कधी कीबोर्डला बोट लावताना पाहिलेलं नाही. मग राहिले हे. काल मी यांना सरळच विचारलं, तुम्ही तर नाही ना केल्या बंद? यांना इतका राग आला की रात्री जेवले नाहीत. म्हणजे यांनीही केलं नाही. हे खोटं बोलतात तेव्हा दोनदा जेवतात.

नवीन मिस्त्री मिळत नाही. कार्डवाला दुसरा माणूस जिल्ह्यात लगेच कुठून आणणार? केशरबाईंची तक्रार मी पुन्हा लिहून घेतली आहे, ती उघडी पडून आहे. गहिनीनाथचं कार्ड गेलं तर या वयात त्याला कोण ठेवणार, हेही मनात येतं. मग वाटतं, त्यानं केलं असेल तर त्याला भोगू दे. मग परत पहिलं मनात येतं.

आत्यांशी बोलले. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “ह्यास्नी इचारल्याबिगर त्या मिस्त्रीला बोल लावू नगंस.” आत्यांचं आपलं काहीतरीच. घरातली प्रत्येक गोष्ट अण्णांना विचारूनच करायची का? अण्णांचा याच्याशी संबंध काय? देवाच्या कामाला गेलेल्या माणसाला असल्या गोष्टींत कशाला ओढायचं.

४ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा

अण्णा रात्री उशिरा आले. आवाज बसलेला, पाय सुजलेले, चेहरा मात्र उजळ. प्रसाद दिला. उद्या साहेब येणार आहेत हे त्यांना कुणीच सांगितलं नाही. यांनी डोळ्यांनी खुणावलं, दमून आलेत, सकाळी बघू.

५ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहायचं आहे, हात दुखला तरी चालेल.

रणपिसे साहेब सकाळीच आले. चपला काढा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, त्यांनी स्वतःच काढल्या. अण्णा घरी अंघोळीला गेले होते. गहिनीनाथ वेळेवर आला. तो उंबऱ्याच्या आत आला, खिशाचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.  साहेबांनी कागद पुढे केला, सही करा म्हणाले. हे खाली बघत होते. मी मशीनसमोर बसले होते आणि मलाही कुठं बघावं ते कळत नव्हतं.

तेवढ्यात अण्णा आले. कपाळाला ताजं भस्म. कार्ड टेबलावर का, असं त्यांनी विचारलं. यांनी हळू आवाजात सांगितलं की दिवाळीत गहिनीनाथनं काम न करता सगळ्या तक्रारी बंद करून टाकल्या.

“गहिन्यानं कुठं?” अण्णा म्हणाले. “मी केल्या की.”

 अण्णांना वाटलं आम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. लक्ष्मीपूजनाला जुनी वही मिटवायची असते. उघडं ठेवून नवं साल सुरू करणारा व्यापारी बुडतो, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं. म्हणून त्यांनी एकेक ओळ एफ सात आणि वाय करून मिटवली. माळ आडवी येत होती म्हणून मधल्या दोन ओळींना वेळ लागला, हेही सांगितलं.

साहेबांनी विचारलं, पण कामं तर झाली नव्हती? अण्णांना तो प्रश्नच चमत्कारिक वाटला. म्हणाले, जुन्या वहीत राहिलेलं नवीन पानावर घ्यायचं असतं, नाहीतर ते बुडालं म्हणायचं. ते मी सूनबाईला पाडव्याला सांगितलं होतं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

राहिलेलं सगळं नवीन पानावर घे. सांगितलं होतं. मी ते वहीचं समजून यांच्या गळ्यात टाकलं आणि बॅग भरायला गेले. जप चाललाय असं मीच ठरवलं. एफ सात मीच शिकवलं. सगळे हक्क मीच दिले, आणि एका माणसाच्या नावानं सगळ्यांनी काम करणं चूक आहे हे माहीत असून पेढा खाऊन गप्प बसले. मी उठून उभी राहिले आणि साहेबांना यातलं प्रत्येक वाक्य सांगितलं. रडले नाही. नंतर रडले, पण ते नंतर.

रणपिसे साहेब बराच वेळ कपाळ चोळत बसले. मग ते हसू दाबतायत हे माझ्या लक्षात आलं. म्हणाले, एवढी वर्षं नोकरी झाली, पण दिवाळीसाठी तक्रारी मिटवणारा मालक पाहिला नव्हता. त्यांनी सहीचा कागद परत बॅगेत घातला. कंपनीचा पासवर्ड टाकून सगळ्या तक्रारी पुन्हा उघडून दिल्या. पण जाण्याआधी एक गोष्ट माझ्यासमोर झाली पाहिजे, म्हणाले: मालकाच्या नावाचा बंद करण्याचा हक्क काढा.

सगळ्यांच्या देखत सुनेनं सासऱ्याचा हक्क काढायचा. माझी बोटं कीबोर्डवर होती आणि हलत नव्हती.

“काढ ग,” अण्णा म्हणाले. “माझ्या हातनं एका गरिबाच्या पोटावर पाय पडत हुता. असला हक्क घरात ठिवायचा न्हाई.” आणि यांच्याकडे बोट करून, “ह्याचाबी काढ.”

यांचाही काढला.  मला वाटतं यांना बरंच वाटलं.

मग अण्णांनी टेबलावरचं कार्ड उचललं, उपरण्यानं पुसलं आणि गहिनीनाथच्या खिशाला लावायला लागले. पिन त्यांना लागेना. गहिनीनाथ तसाच ताठ उभा. पिन एकदाची लागल्यावर अण्णा म्हणाले, “माफ कर म्हनलं तर तू निघून जाशील. म्हणून म्हणत न्हाई. चल, गाडी काढ. पयलं सिरसाळ्याला जाऊ.”

गहिनीनाथनं एवढंच विचारलं, तुमचे पाय सुजल्यात, तुमी कावून येता? अण्णा तोवर बाहेर जाऊन चपला शोधत होते.

दोघं मोटारसायकलवरून गेले. मी मागच्या खोलीत जाऊन आत्यांच्या गळ्यात पडले. आठवडाभर छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं. आत्या म्हणाल्या की त्यांनी अण्णांना त्या रात्री मशीनशी खुडबुड करताना पाहिलं होतं, म्हणून तर मला म्हटलं की विचार. सरळ का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मला तू बघायचाच हक्क दिलता.

आज मी हसले, आणि आज जपून हसले नाही.

७ नोव्हेंबर

सिरसाळ्याची मोटार परवाच संध्याकाळी चालू झाली. विहिरीच्या काठावर पाणी पाइपातून येईपर्यंत अण्णा बांधावर बसून होते, उठायला तयार नव्हते, असं गहिनीनाथनं सांगितलं. केशरबाईंनी आधी दोघांना भरपूर सुनावलं आणि मग भाकरी खाऊ घातली. अण्णांनी मान खाली घालून दोन्ही घेतलं.

आता नियमाप्रमाणे बंद करायच्या आधी मी स्वतः विचारायचं. केशरबाई सिरसाळ्याच्या एसटीडी बूथवरून बोलल्या. मी विचारलं, पाणी आलं का? आलं. व्यवस्थित? व्यवस्थित. मग करू बंद?

“नगं ग बाई,” त्या घाईनं म्हणाल्या. “मागं तुमी बंद केली तवा पंधरा दिस पानी न्हवतं. राहू दे उघडीच.”

मी समजावून सांगितलं की मशीनमध्ये बंद केल्यानं मोटार बंद होत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, कांद्याला पाण्याची एक पाळी पूर्ण होऊ दे, मग मीच सांगीन. अण्णा शेजारी उभे होते, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. म्हणाले, तिचं बरोबर हाय, राहू दे उघडी. आणि उदबत्ती लावायला गेले.

१२ नोव्हेंबर

केशरबाईंचा निरोप आला: आता कर. केली. बाकीची निम्म्याहून जास्त कामं झाली. अण्णा सकाळी अजूनही आपलं नाव टाकून मशीन उघडतात, पण आता त्यांना फक्त बघता येतं. बघून झालं की बाहेर येऊन यांना विचारतात, पाटोद्याची अजून उघडी कावून? हे त्या प्रश्नाला इतके भ्यायलेत की सकाळी उठल्याबरोबर गहिनीनाथला गाडीत पेट्रोल आहे का विचारतात. मग मी अण्णांच्या नावातून बाहेर पडून माझ्या नावानं मशीन उघडते. पहिल्या दिवशी पडद्यावर ‘प्रणिता’ दिसलं तेव्हा मी उगाचच पदर सावरला.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळी गहिनीनाथ आला. हात कोपरापर्यंत धुतलेले. आज त्यानं स्वतःहून मागितलं. मला बंद करायचं नको, लिहायचं नको, फक्त बघायचं द्या वहिनी. माझ्या नावावर काय लिहिलंय ते मला दिसलं पाहिजे.

दीड महिन्यापूर्वी मी दुकानातल्या सगळ्यांना हक्क वाटले होते, ज्याला मशीनची धूळही पुसायची नव्हती त्यालासुद्धा. आणि ज्याचं नाव रोज प्रत्येक ओळीत मी टाकत होते, त्याला विसरले होते. मी त्याला हे बोलून दाखवलं. तो संकोचला आणि म्हणाला, जाऊ द्या वहिनी.

त्याला खुर्चीवर बसवलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला, मग मी रागावल्यावर नीट बसला. त्याचं नाव टाकलं. त्याची पोरगी सातवीत आहे, तिनं त्याला इंग्रजी अक्षरं शिकवली आहेत. त्यानं पडद्यावर बोट न टेकवता स्वतःचं नाव वाचलं. मग झालेल्या कामांची यादी उघडून दिली. सिरसाळा. पाटोदा. प्रत्येक ठिकाणी तो थोडा थांबत होता आणि मान हलवत होता, होय, हे केलंय.

आता पासवर्ड. मी सांगितलं की तो तुझा तुलाच ठाऊक पाहिजे, दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही, दाखवायचा नाही. गहिनीनाथनं वर पाहिलं. आत्या दारात होत्या, हे काउंटरशी होते आणि अण्णा अगदी त्याच्या पाठीशी वाकून मोठ्या कौतुकानं बघत होते. हे आणि आत्या आपणहून बाजूला झाले. मीही पाठ केली. अण्णा तसेच उभे.

गहिनीनाथनं कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “मालक, तिकडं तोंड करा जरा.”

आणि अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं.